बिल सर्व्हरवर, प्रिंटर काउंटरवर: रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रिंट अडकली तर काय कराल?



मृगाचा आठवडा. मानवतच्या एका कृषी सेवा केंद्रात सकाळी साडेदहाची वेळ. काउंटरसमोर दहा-बारा शेतकरी उभे. कुणाला कापसाचं बियाणं पाहिजे, कुणाला सोयाबीन, कुणाला खत. दुकानदार तरुण आहे, दोन वर्षांपूर्वीच दुकान टाकलंय. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याने भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ठेवलंय. त्यामुळे दुकानातून बघा नाहीतर घरून बघा, हिशोब एकच दिसतो. त्याने बिल केलं, प्रिंट दिली आणि प्रिंटर गप्प. परत दिली, परत गप्प. मग मला फोन आला.

"सर, प्रिंटच निघंना गेली. प्रिंटर तर चालू हाय. काय करू?"

"किती वेळा प्रिंट दाबली?"

"आठ-नऊ वेळा दाबली असंल."

"आता दाबू नका. आधी प्रिंट कुठं अडकली ते शोधू."

मित्रांनो, आजचा लेख याच प्रश्नावर आहे. व्हिडिओमध्ये मी स्क्रीनवर करून दाखवलंय, पण गर्दीच्या वेळी व्हिडिओ मागे-पुढे करत बसायला वेळ नसतो. म्हणून क्रम इथे लिहून देतोय. हे पान काउंटरजवळ ठेवा.

एका कागदासाठी एवढी धावपळ कशाला?

कारण तो कागद तुमचा नाही, शेतकऱ्याचा आहे. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे बियाणं विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला रोखीची किंवा उधारीची पावती द्यायलाच पाहिजे. हा झाला कायदा. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. उद्या बियाणं उगवलंच नाही, तर शेतकऱ्याला तक्रार करायला बिल लागतं. म्हणून तर कृषी विभाग दर हंगामात सांगतो की पक्कं बिल घ्या, पिशवी आणि टॅग जपून ठेवा. बिलावर वाण आणि लॉट नंबर असेल तरच त्याच्या तक्रारीला आधार मिळतो.

"दादा, बिल नंतर घेऊन जा" असं तुम्ही म्हटलं आणि तो गावाकडं निघून गेला, तर ते 'नंतर' बहुतेक वेळा येतच नाही. म्हणजे प्रिंटरच्या दहा मिनिटांच्या अडचणीपायी एखाद्याचा वर्षभराचा पुरावा जाऊ शकतो. आणि तुमच्या दुकानावरचा भरवसाही.

प्रिंटचा रस्ता समजून घ्या

आपल्या भागातल्या माणसाला हे लगेच कळेल. रेल्वेने मानवतला यायचं तर गाडी गावात येत नाही. ती थांबते मानवत रोडला. तिथून पुढे गावात यायला दुसरी गाडी धरावी लागते. आता पाहुणा घरी पोहोचला नाही तर तुम्ही काय विचारता? गाडीत बसला का? मानवत रोडला उतरला का? तिथून पुढची गाडी मिळाली का? या क्रमानेच विचारता ना?

रिमोट डेस्कटॉपमधली प्रिंट अशीच टप्प्याटप्प्याने येते. बिल तयार होतं दूरच्या सर्व्हरवर. सर्व्हर ते तुमच्या सेशनमधल्या प्रिंटरला देतो. हा खरा प्रिंटर नसतो, तुमच्या प्रिंटरची तिथं दिसणारी सावली असते. तिथून इंटरनेटवरून प्रिंट तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरकडे येते. आणि तुमचा कॉम्प्युटर ती केबलमधून प्रिंटरला देतो. चारपैकी कुठलाही एक टप्पा तुटला की बाहेरून दिसतं एकच: प्रिंटर गप्प. म्हणून अंदाजाने बटणं दाबायची नाहीत. घराकडून सुरुवात करून एकेक टप्पा तपासत मागे जायचं.

पहिली तपासणी: स्वतःचा प्रिंटर

रिमोटची खिडकी खाली करा. दुकानातल्या कॉम्प्युटरवरूनच टेस्ट पेज काढा. सेटिंगमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन प्रिंटर निवडला की टेस्ट पेजचा पर्याय मिळतो.

टेस्ट पेज आलं नाही, तर सर्व्हरवाल्याला फोन करू नका. अडचण तुमच्या टेबलावरच आहे. कागद, केबल बघा. मग प्रिंटच्या रांगेत काही अडकलंय का ते बघा. 'पॉज' किंवा 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर टिक राहिली असेल तर काढा. रांगेतली जुनी प्रिंट हटतच नसेल, तर 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' शोधून रीस्टार्ट करा. हे फक्त तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. सर्व्हरवरचा स्पूलर तुम्ही हात लावू नका, कारण तिथं दुसऱ्यांच्या प्रिंटही चालू असू शकतात.

टेस्ट पेज नीट आलं? छान. म्हणजे शेवटचा टप्पा ठीक आहे. आता एक पाऊल मागे.

दुसरी तपासणी: प्रिंटर बरोबर नेलाय का?

रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, पण लगेच 'कनेक्ट' दाबू नका. 'शो ऑप्शन्स' दाबा. 'लोकल रिसोर्सेस' टॅबमध्ये जा. तिथं 'प्रिंटर्स'समोर टिक आहे का? ती टिक नसेल तर तुमचा प्रिंटर सेशनमध्ये दिसणारच नाही. टिक करा, पहिल्या टॅबवर येऊन 'सेव्ह' करा, मग कनेक्ट व्हा.

दुकान उघडल्यावर सवयच अशी लावा: आधी प्रिंटर चालू, मग लॉगिन. आणि सेशन सोडताना नुसता कोपऱ्यातला फुलीचा शिक्का दाबू नका. फुली दाबली की सेशन तुटतं, पण सर्व्हरवर ते जिवंत राहू शकतं. 'साइन आउट' करून बाहेर पडा. गडबड वाटली की साइन आउट करून नव्याने आत या. बऱ्याच अडचणी एवढ्यानेच सुटतात.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर वापरत असाल तर रस्ता वेगळा आहे. त्यांचं रिमोट प्रिंटिंग त्यांच्या स्वतःच्या प्रिंटर ड्रायव्हरवर चालतं. तो समोरच्या कॉम्प्युटरवर टाकलेला आहे का, हे आधी बघा.

तिसरी तपासणी: सर्व्हरवर तुमचा प्रिंटर दिसतो का?

आता रिमोटच्या आत जाऊन तिथली प्रिंटरची यादी उघडा. तुमच्या प्रिंटरच्या नावापुढे कंसात 'रिडायरेक्टेड' आणि एक आकडा दिसला पाहिजे. दिसला तर दोन टप्पे पास.

टिक केली, साइन आउट करून परत आलात, तरी दिसत नाही? मग आता सर्व्हरवाल्याला फोन करायचा. पण "प्रिंट होत नाही" एवढंच सांगू नका. हे तीन प्रश्न विचारा:

• सर्व्हरवर क्लायंट प्रिंटर रिडायरेक्शन पॉलिसीने बंद केलंय का?
• 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस यूजरमोड पोर्ट रिडायरेक्टर' ही सर्व्हिस चालू आहे का?
• 'ईझी प्रिंट' ड्रायव्हर वापरला जातोय का?

तिसरा प्रश्न समजून घ्या. पूर्वी तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवरही टाकावा लागायचा. विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने 'ईझी प्रिंट' आणलं. त्यात सर्व्हरला तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागत नाही, तुमच्या कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर काम भागवतो. हे तीन प्रश्न विचारलेत की समोरच्यालाही कळतं की या माणसाने आपलं घर आधी तपासलंय. काम लवकर होतं.

चौथी तपासणी: बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये कुठला प्रिंटर निवडलाय?

आपल्या दुकानदाराची अडचण इथंच निघाली. टेस्ट पेज आलं. टिक होती. सर्व्हरच्या यादीत प्रिंटरही दिसत होता. मग मी विचारलं, "त्या सकाळी लाईट गेली होती का?"

"हो सर, नऊ वाजता गेली होती."

लाईट गेली, सेशन तुटलं. परत लॉगिन केल्यावर सर्व्हरने नवं सेशन दिलं. नवं सेशन म्हणजे नावापुढचा आकडा नवा. काल 'रिडायरेक्टेड २' होतं, आज 'रिडायरेक्टेड ३'. माणसाला हा तोच प्रिंटर वाटतो. प्रोग्रॅमला तो वेगळा वाटतो. त्याच्या बिलिंगमध्ये कालचं नाव पक्कं करून ठेवलेलं होतं, आणि त्या नावाचा प्रिंटर आता तिथं नव्हताच. नऊ वेळा दाबा नाहीतर नव्वद वेळा, पाहुणा जुन्याच पत्त्यावर जाणार!

उपाय सोपा आहे. प्रोग्रॅममध्ये प्रिंटरचं नाव पक्कं करू नका. 'डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय असेल तर तो ठेवा. रिमोट सेशन साधारणपणे तुमच्या कॉम्प्युटरचाच डिफॉल्ट प्रिंटर स्वतःचा डिफॉल्ट धरतं. म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर बिलाचा प्रिंटर डिफॉल्ट करा आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय बंद करा. तो चालू असला की तुम्ही शेवटी ज्या प्रिंटरवर प्रिंट काढली तो डिफॉल्ट होत जातो, आणि मग बिल भलतीकडेच जातं.

प्रिंट येते, पण बिघडून येते

डॉट मॅट्रिक्स असेल तर अक्षर बारीक येतं, हेड सावकाश चालतं. कारण अक्षरं चित्रासारखी येतात आणि प्रिंटर ते चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी काढत बसतो. बिलिंगमध्ये डॉट मॅट्रिक्ससाठी वेगळा फॉरमॅट आहे का बघा. टॅलीमध्ये 'नीट', 'डॉट मॅट्रिक्स' आणि 'क्विक ड्राफ्ट' असे तीन प्रकार मिळतात. तिन्ही काढून बघा, जो बरा येईल तो ठेवा.

थर्मल प्रिंटरवर बिल अर्धं कापून येत असेल, तर कागदाचं माप तपासा. रोल ८० मिलिमीटरचा आणि सेटिंग ए-४ चं, असं असलं की हे होणारच. माप दोन्हीकडे बघायचं: दुकानातल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आणि बिलिंगच्या फॉरमॅटमध्ये.

प्रिंट फार उशिरा येत असेल तर बिलावरचा मोठा रंगीत लोगो काढून टाका. नेट कमी असलं की चित्राचं ओझं जाणवतं. गिऱ्हाइकाला लोगो नको, लॉट नंबर पाहिजे.

तोपर्यंत गिऱ्हाईक थांबवायचं नाही

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. पाच मिनिटांत प्रिंट सुटली नाही, तर दुसरा रस्ता धरा.

पहिला रस्ता, छापील बिल बुक. हाताने लिहिलेलं बिलही बिलच असतं. त्याची नंबरची मालिका वेगळी ठेवा. जीएसटीच्या नियमात बिलांच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त प्रत्येकीत नंबर क्रमाने हवेत. वाण, लॉट नंबर लिहा, सही घ्या आणि संध्याकाळी सिस्टिममध्ये नोंद करा. नोंद कशी करायची ते तुमच्या अकाउंटंटला हंगामाआधीच विचारून ठेवा.

दुसरा रस्ता, बिलाची पीडीएफ सर्व्हरवर सेव्ह करून दुकानातल्या कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथून थेट प्रिंट काढा. शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवरही पाठवा. कागद हरवला तरी मोबाइलमध्ये राहतं.

घाईत ही चूक करू नका

गर्दी आहे, प्रिंट येत नाही, म्हणून गुगलवर 'प्रिंटर हेल्पलाइन' शोधून मिळेल त्या नंबरवर फोन करू नका. समोरचा एखादं ॲप टाकायला सांगतो, कोड विचारतो आणि तुमची स्क्रीन त्याच्या हातात जाते. त्याच स्क्रीनवर तुमची बँकही असते. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. मदत फक्त ओळखीच्या माणसाकडून किंवा बिलावर नंबर असलेल्या तुमच्या सर्व्हरवाल्याकडून घ्या. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवलाय का, तेही त्याला विचारा. उघडा असेल तर व्हीपीएन लावून घ्या.

हंगामाआधी एक तास काढा

आपल्या दुकानदाराने त्या दिवशी बिलिंगमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर' केलं आणि बिलं सुरू झाली. पण तोपर्यंत दोन शेतकरी बिल न घेताच गेले होते. त्याने संध्याकाळी दोघांना फोन केले, बिलं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि कागदावरची बिलं त्यांच्या गावच्या माणसाबरोबर दिली. धंदा असाच उभा राहतो, मित्रांनो.

तुम्ही मात्र ही वेळ येऊ देऊ नका. मे महिन्यात, दुपारी दुकान रिकामं असताना, एक तास काढा. मुद्दाम सेशन तोडा. प्रिंटर बंद करून परत चालू करा. नव्याने लॉगिन करून बिल काढा. काउंटरवरच्या पोराकडूनही हे करून घ्या, कारण मृगात तुम्ही गोडाऊनमध्ये असाल आणि काउंटरवर तोच असेल.

आणि हो, ज्यांना अजून धंदा सापडलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्या तालुक्याच्या गावांत सॉफ्टवेअर विकणारे येतात आणि जातात. प्रिंट अडकल्यावर दहा मिनिटांत दुकानात येऊन, क्रमाने तपासून, काम करून देणारा भरवशाचा माणूस शोधावा लागतो. तो तुम्ही होऊ शकता का, विचार करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आजच एक टेस्ट पेज काढून ठेवा!