आभाळातला उजेड कसा मोजतात?

नॉर्वे देश फार लांब, उत्तरेला आहे. तिथे थंडीच्या रात्री आभाळात हिरवा, तांबडा उजेड हलताना दिसतो. वाऱ्याने पडदा हलावा तसा. चांदणे नाही, वणवा नाही. मग हा उजेड कशाचा?

सूर्याकडून विजेने भारलेले बारीक कण सारखे येत असतात. पृथ्वी म्हणजे एक मोठे लोहचुंबकच. ते या कणांना ध्रुवांकडे वळवते. तिथे कण वरच्या विरळ हवेवर आदळतात आणि हवा उजळते. या कणांत काही प्रोटॉन असतात. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा.

हे कशावरून? आगगाडी जवळ येते तेव्हा शिटी बारीक, चढी ऐकू येते. लांब जाताना ती बसकी होते. उजेडाचेही तसेच आहे. जवळ येणाऱ्या वस्तूचा उजेड जांभळ्या रंगाकडे सरकतो. १९५० साली अमेरिकेत मायनेल या शास्त्रज्ञाला हायड्रोजनचा तांबडा उजेड असाच सरकलेला दिसला. कण सेकंदाला ३,००० किलोमीटरांहून जास्त वेगाने खाली येत होते!

पण किती प्रोटॉन येतात? ते का मोजायचे, असे तुम्ही म्हणाल. १३ मार्च १९८९ रोजी सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोंढ्याने पृथ्वीचे चुंबकत्व ढवळून निघाले. कॅनडात क्वेबेक प्रांताची वीज ९ तास गेली. सुमारे ६० लाख लोक अंधारात बसले.

एका टकरीत किती उजेड पडतो हे कळले, तरच उजेडावरून प्रोटॉन मोजता येतील. चरवीत किती दूध मावते हे ठाऊक नसेल, तर नुसत्या चरव्या मोजून काय उपयोग?

म्हणून प्रयोगशाळेत हीच टक्कर घडवतात. हजारो व्होल्टच्या विजेने प्रोटॉन पळवतात आणि नायट्रोजन वायूत सोडतात. आपल्या हवेत शंभरात ७८ भाग नायट्रोजनच आहे. धडक बसली की वायूच्या रेणूतून, म्हणजे सर्वांत बारीक कणातून, एक इलेक्ट्रॉन उडतो आणि रेणू जांभळा उजेड टाकतो.

ऐकायला सोपे, पण यात फसगत होते बरं का. वायू दाट असला तर उडालेले इलेक्ट्रॉन पुढच्या रेणूंना धडकतात आणि जास्तीचा उजेड पाडतात. तो प्रोटॉनांच्या नावावर मांडला की हिशेब चुकला! म्हणून वायू अगदी विरळ ठेवतात. आणि मोजणारे यंत्रच खोटे असले तर? त्यासाठी ज्याचा उजेड पक्का ठाऊक आहे असा दिवा आधी यंत्रासमोर लावून पाहतात. वाण्याची वजने तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारतात ना, तसेच हे.