कत्तले कोणे आणि देवासची मोरी

बेळगावच्या माणसाने देवासला पाऊल ठेवले की एक प्रश्न हमखास यायचा, "म्हणजे कुमारजींच्या गावचे का?" कुमार गंधर्व मूळचे आपल्या सुळेभावीचे. क्षयाच्या आजारात कोरडी हवा मानवेल म्हणून ते १९४८ साली देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. माझ्या आईचे माहेर देवासचे, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची स्वारी माळव्यात. आमच्या बेळगावच्या घरात वडील आणि अज्जी कन्नड बोलणार, आई मराठी. आजोळी गेले की मात्र मराठी, आणि तीही माळवी-हिंदीच्या फोडणीची.

देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासमध्ये तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. तशीच माझ्या मामाच्या घरातही दोन राज्ये होती. दिवसा मोरीवर आजीचे राज्य, आणि रात्री साडेनऊनंतर मामाचे. रात्री त्या मोरीची 'डार्करूम' व्हायची.

मामा शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याच्याकडे बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता आणि उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोल तो जपून वापरायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल दुकानात धुवायला टाकणे त्याला मान्य नव्हते. "स्वयंपाक आपण करायचा आणि जेवायला खाणावळीत जायचं, असं होईल ते," असे तो म्हणे.

मोरीतली जादू

रात्री जेवणे आटोपली की खिडकीला घोंगडी ठोकली जायची, दाराच्या फटीत जुने धोतर कोंबले जायचे. पाटावर तीन ताटल्या, तीन बाटल्या, एक थर्मामीटर आणि एक लाल दिवा. लाल दिवा फक्त कागदावर फोटो छापताना. फिल्मला लाल उजेडही चालत नाही. तिथे ठार अंधारच लागतो. त्या अंधारात रोलचा कागद सोडवायचा, फिल्म चाचपायची आणि डबीतल्या रिळाच्या खाचेत हळूहळू सरकवायची. डबीचे झाकण बसले की दिवा लावायला मोकळे. मग डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो.

हायपोचा शोध मामा गोष्टीसारखा सांगायचा. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१९ सालीच कळले होते. पण त्याचा उपयोग फोटो पक्का करायला झाला तो वीस वर्षांनी, १८३९ मध्ये. ऊन न लागलेली चांदी हायपो धुऊन काढतो, म्हणून चित्र टिकते. नाहीतर उजेडात नेल्याबरोबर सगळे काळे.

खरी गंमत छापताना. निगेटिव्ह ब्रोमाइड कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, दिवा लावून "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि कागद ताटलीत सोडायचा. अर्धा मिनिट काहीच नाही. मग पांढऱ्या कागदावर एक भुवई उमटायची, मग पदराचा काठ, मग मागची टेकडी. देवासची माताजींची टेकडी मी खरी कितीदा पाहिली असेल, पण ताटलीत उगवताना पाहिली ती अजून डोळ्यांसमोर आहे.

फजितीही तेवढीच. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास हवा आणि मे महिन्यात माळव्यातले दुपारचे पाणी हात पोळणारे. म्हणून रात्रीची वेळ, माठातले पाणी आणि गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ. एकदा बर्फ वितळून बाटलीतच गेला आणि सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे आले. एकदा मामाने घाईत हायपो आधी ओतला. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. आजी म्हणाली, "छान धुतलीस हो, डाग म्हणून राहिला नाही!"

घरातल्या कामांमध्ये हे काम मिसळून जाते, हे मला पुढे दादासाहेब फाळक्यांविषयी वाचताना जाणवले. १९१२ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'ची तयारी चालू असताना दादरच्या राहत्या घरातच फिल्मचे काम चाले. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडायला बसत, फिल्म रसायनात धुवायलाही शिकल्या. १९१३ च्या मे महिन्यात लोकांनी पडद्यावर जे पाहिले, त्याच्यामागे घरातल्या बाईचे असे जागरण होते.

मांडूचा रोल

१९९० चा उन्हाळा देवासकर विसरणार नाहीत. विहिरी आणि कूपनलिका आटल्या आणि गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकर कधी येईल याचा नेम नसे. घरोघरी हंड्या-बादल्यांच्या रांगा.

त्याच सुट्टीत आम्ही धारला मावशीकडे गेलो आणि तिथून मांडूला. जहाज महाल, रूपमतीचा मंडप, लांब खाली दिसणारी नर्मदेची रेघ. मामाने अकरा फोटो काढले. मावशीच्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर हसल्या, म्हणून सगळ्यांना त्या फोटोची घाई. देवासला परतल्यावर रोलमध्ये एक फोटो उरला होता. रोल संपवायचा म्हणून मामाने अंगणात रिकाम्या हंड्याशेजारी टँकरची वाट बघत बसलेल्या आजीचा फोटो काढला. "माझा कशाला वाया घालवतोस?" ती म्हणाली.

त्या रात्री रोल रिळावर चढवण्याचा मान मला मिळाला. मी बारा वर्षांचा, डोळे मिटून जुन्या रोलवर आठवडाभर सराव केलेला. अर्धी फिल्म चढली असेल, तोच बाहेर आरडाओरडा झाला, "टँकर आला!" मामा बादल्या घेऊन धावायला निघाला. "संपेपर्यंत दार उघडू नकोस," एवढे सांगून तो अंधारातच सटकला. तेव्हा सगळीकडे वीज गेलेली होती. मी आतून कडी लावायला विसरलो.

पाच मिनिटांनी वीज आली. दाराशी आजीच्या बांगड्या वाजल्या. एवढा वेळ पोरगा आत कोंडलेला, घामाघूम झाला असेल, म्हणून ती टँकरचे ताजे पाणी घेऊन आली होती. मला दरदरून घाम फुटला आणि तोंडातून बाहेर पडले ते थेट अज्जीचे कन्नड, "बागला तगीब्याड! बागला तगीब्याड!"

देवासच्या आजीला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. तिला वाटले, पोराला विंचू चावला. तिने दार धाडकन उघडले.

अंगणातला शंभरचा दिवा सरळ माझ्या हातावर. आजीच्या हातातला तांब्या, माझ्या हातातली फिल्म आणि दोघांची तोंडे, सगळे त्या उजेडात लख्ख दिसले.

मामा रागावला नाही. "धुऊन तर बघू," म्हणाला. मांडू गेले. जहाज महाल, नर्मदा, मावशीच्या सासूबाईंचे हसू, सगळी फिल्म काळीकुट्ट. धारला पत्र लिहिताना आईचा हात थांबत होता, कारण पुढच्या पावसाळ्यातच त्या सासूबाई गेल्या. एकच फोटो वाचला, शेवटचा. फिल्मचे शेवटचे टोक रिळावर आधी चढते आणि सर्वांत आत जाते. वरच्या वेढ्यांनी उजेड अंगावर झेलला आणि पोटातली आजी सुखरूप राहिली, कडेला उजेडाचा एक पट्टा तेवढा आला.

शेवटचे पाणी

आता प्रश्न पाण्याचा. हायपो नीट धुतला नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा, मग तपकिरी पडतो. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धरा, असे पुस्तकात असते. पण त्या रात्री हंडाभर पाण्याला मोल होते. मामाने युक्ती केली. डबी भरायची, हलवायची, पाणी ओतून टाकायचे आणि पुन्हा भरायची. असे सहा वेळा. फिल्मला ते पुरले. कागदाला मात्र पुरत नाही, त्याच्या धाग्यांत हायपो मुरून बसतो. फोटो धुवायला आजीने सकाळच्या अंघोळीचे पाणी देऊ केले. मामाने निम्मेच घेतले.

गेल्या दिवाळीत मामाच्या ट्रंकेतून तो फोटो निघाला. आजीचा चेहरा चहा सांडल्यासारखा तपकिरी, ओळखू येईना. पण शेजारी कागदाच्या पाकिटात निगेटिव्ह होती, स्वच्छ.

म्हणून वाचकांना आग्रहाचे सांगणे. जुन्या अल्बमबरोबरच्या निगेटिव्ह अडगळ म्हणून फेकू नका. फोटो फिका पडला तरी चित्र तिथे शाबूत असू शकते. प्लॅस्टिकऐवजी साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा, कडांनाच हात लावा. एखाद्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि आधी तिचे स्कॅनिंग करून घ्या. पाकिटावर कोण, कुठे, कधी हे मराठीत किंवा कन्नडमध्ये, पण आजच लिहा. सांगणारी माणसे बसून राहत नाहीत.

बेळगावात आम्ही ती निगेटिव्ह स्कॅन करून आणली. आजी हंड्याला टेकून बसलेली, कपाळाला आठी, आणि उजव्या कडेला तो उजेडाचा पट्टा. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, हा डाग काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," मी म्हटले. तो डाग नव्हता. आजीने दार उघडले होते.