पुरात पाकिटातले जेवण किती कामाचे?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वस्त्यांत धान्य भिजले, स्टोव्ह बुडाले. आता अशा वेळेसाठी फ्रीज-ड्राय जेवणाची पाकिटे मिळतात. अन्न गोठवून निर्वात यंत्रात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. त्यामुळे ते हलके होते, बंद पाकिटात वर्षानुवर्षे टिकते. पण खाताना पाणी परत घालावेच लागते, तेही बहुधा उकळते. पुरात नेमके तेच नसते.

घेतलेच तर एक पाकीट आधी घरी करून पाहा, गॅस न पेटवता, पिण्याच्या साध्या पाण्यात. भात आतून कडक राहतो का? आजीला चावतो का? घरात कुणाला रक्तदाब असेल तर मीठ किती आहे तेही वाचा.

मला विचाराल तर फुटाणे, शेंगदाणे, गूळ, कुरमुरे बरे. स्वस्त, आणि चूल लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर ठेवा, खवट होण्याआधी खाऊन नवे भरा. पिण्या-खाण्यासाठी माणशी रोज अडीच-तीन लिटर स्वच्छ पाणी धरा. लहान मुलांना दाणे कुटूनच द्या, अख्खा दाणा घशात अडकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र आईचेच दूध.