१९३७ची निवडणूक: निकालाआधी नियम वाचा

मुंबई प्रांताच्या १९३७च्या निवडणुकीवर काम सुरू केलं, की नजर आधी निकालावर जाते. १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार विजयी. पण तक्ता भरण्याआधी मतदानाचा नियम बघा.

या प्रांतात बहुसदस्य मतदारसंघात जेवढ्या जागा तेवढी मतं मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. समजा, जागा तीन आणि त्यातली एक राखीव. दलित मतदार ११०, इतर २९०. ११० जणांनी तिन्ही मतं आपल्या पसंतीच्या दलित उमेदवाराला दिली, तर ३३० झाली. इतरांनी प्रत्येकी एक मत दुसऱ्या दलित उमेदवाराला दिलं, तरी २९०च. एका उमेदवाराला एकच मत देता आलं असतं, तर हाच सामना ११० विरुद्ध २९० झाला असता. राखीव जागेवर दलित प्रतिनिधी तरीही आलाच असता, पण इतरांच्या पसंतीचा.

म्हणून नियमामुळेच पक्ष जिंकला, असं लगेच लिहू नका हं. ते दाखवायला प्रत्येक मतदारसंघातली उमेदवारनिहाय मतं लागतील. शिवाय मताधिकार मालमत्ता, शेतसारा, शिक्षण यांवर ठरत होता. मतदार यादीबाहेर कोण राहिलं, हेही विचारा.