गोठवलेल्या मूलपेशींचे रक्षण

बालपणीच्या कर्करोगातून आज पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात. मात्र तीव्र रसायनोपचार किंवा किरणोपचार यांमुळे मुलाच्या वृषणातील शुक्रजनक मूलपेशी नष्ट होऊ शकतात. वयात न आलेल्या मुलाचे वीर्य साठविता येत नाही. म्हणून उपचारापूर्वी वृषणाच्या ऊतीचा लहानसा तुकडा गोठविण्याचा मार्ग पुढे आला.

गोठताना पेशीला दुहेरी धोका असतो. फार वेगाने थंड केल्यास तिच्या आतच बर्फाचे स्फटिक होऊन ती फाटते. फार सावकाश केल्यास पाणी बाहेर जाऊन ती आक्रसते व क्षारांची तीव्रता घातक ठरते. म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखे रक्षक द्रव्य वापरतात. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी याच द्रव्यात ५३ दिवस गोठवलेल्या भ्रूणातून १९७८ मध्ये 'दुर्गा' जन्मास आली. परंतु हे द्रव्य उबेत पेशींना विषारी ठरते. ते थंड अवस्थेतच मिसळावे आणि वितळल्यानंतर त्वरेने धुऊन काढावे लागते. साठवण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर होते. नायट्रोजनची पातळी घटून नमुना वारंवार उबदार झाला, तर सूक्ष्म स्फटिक वाढून सारे श्रम व्यर्थ जातात.

अशा गोठवलेल्या ऊतीपासून माकडाचे पिल्लू जन्मल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवात ही पद्धत अद्याप प्रायोगिक आहे. रक्ताच्या कर्करोगात ऊतीबरोबर रोगपेशी परतण्याचीही भीती असते. पालकांना खोटी आशा दाखवू नये. तथापि इंदूर-माळव्यातील आजारी मूल बहुधा प्रथम आपल्याकडेच येते. औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी हा विषय काढणे, हे आपले कर्तव्य होय. नंतर वेळ निघून गेलेली असते.