गिरणगावातली टॉकीज कोणी रिकामी केली?

मुंबईच्या गिरणगावातल्या टॉकीजचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर ऐकू येतं: टीव्ही आला, व्हिडिओ आला, मग मल्टिप्लेक्स आलं आणि लोकांनी टॉकीजकडे पाठ फिरवली. गेल्या पन्नासेक वर्षांतल्या घटना क्रमानं लावून पाहिल्या तर हे उत्तर टिकत नाही. प्रेक्षक आपल्या पायानं उठून गेला नाही, त्याला उठवण्यात आलं. आधी त्याचा पगार गेला, मग त्याची वस्ती विस्कटली. तोवर टॉकीजखालच्या जमिनीचा भाव इतका चढला होता की पडद्यावर काय लागलंय याला मालकाच्या हिशेबात किंमतच उरली नाही. भारतमाता, जयहिंद, गणेश, हिंदमाता, दीपक या नावांशी लालबाग-परळच्या दोन-तीन पिढ्या जोडलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल हळवं होणं सोपं आहे, पण ही टॉकीज का गेली याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. उत्तर चुकलं तर उपायही चुकतो.

ही टॉकीज चालायची ती गिरणीच्या भोंग्यावर. गिरण्या तीन पाळ्यांत चालत आणि चाळीतली खोलीही पाळ्यांतच वापरली जाई. कोकणातून, घाटावरून आलेले दहा-पंधरा पुरुष दहा बाय बाराच्या खोलीत राहत. एक पाळी कामावर असताना दुसरी झोपे. जेवण खानावळीत. अशा माणसाला पाय पसरून बसायला, पंख्याखाली तीन तास घालवायला हक्काची जागा कुठली? बारा, तीन, सहा आणि नऊच्या खेळांचं वेळापत्रक त्याच्या दिवसाशी जुळत होतं. पहिल्या पाळीचा कामगार अंघोळ उरकून सहाच्या खेळाला बसे, रात्रपाळीचा झोप झाल्यावर मॅटिनीला. टॉकीजच्या आतलं कामही गिरणीतल्या कामासारखंच मेहनतीचं होतं. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड तयार व्हायचा. कांड्या जळत जात, तसं ऑपरेटरला त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळावं लागे, नाहीतर पडद्यावर अंधारी येई. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमके आणि त्या क्षणी दुसरं मशीन सुरू करावं लागे. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालत असेल तर एकीकडे संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडे पोचवलं जाई. प्रिंट महाग आणि मोजक्या असत. त्यामुळे बड्या टॉकीजचा बहर ओसरल्यावर चित्रपट वस्तीत येई आणि तिथं कमी दरात पुन्हा आठवडेच्या आठवडे चाले.

वस्तीला टॉकीज आपलं वाटे, याचा सर्वात ठळक पुरावा १९७१ सालचा आहे. दादा कोंडके गिरणी कामगाराच्या घरात, याच भागातल्या चाळीत वाढले. त्यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये लागावा यासाठी झालेला वाद, त्यात बाळासाहेब ठाकरे यांनी घातलेलं लक्ष आणि त्यानंतर चित्रपटाला मिळालेलं यश हा मराठी सिनेमाच्या इतिहासाचा भाग झाला आहे. त्या प्रसंगाचं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. आपल्या भागातल्या पडद्यावर आपला चित्रपट लागला पाहिजे, असं म्हणायला माणसं रस्त्यावर उतरली. ज्या जागेशी नातं फक्त गिऱ्हाइकाचं असतं, तिच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले कितीतरी कामावर कधीच परतले नाहीत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, पाठोपाठ व्हिडिओ आला. संप आणि रंगीत टीव्ही या दोन्ही गोष्टी एकाच साली घडल्या आणि दोष टीव्हीच्या माथी बसला. घरात पडदा आला म्हणून माणूस टॉकीजला जायचा थांबतो, असं असतं तर १९९१ च्या ‘माहेरची साडी’चं काय करायचं? तोवर घरोघरी टीव्ही होता, गल्लोगल्ली कॅसेटची लायब्ररी होती, तरी बायकांचे जथेच्या जथे तो चित्रपट पाहायला गेले. पुण्याच्या प्रभात टॉकीजमध्ये तो दीर्घकाळ चालला. २०१६ मध्ये तर खिशातल्या मोबाइलवरही सिनेमा दिसू लागला होता, तरीही ‘सैराट’साठी रहिमतपूरसारख्या गावात मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. पाहण्याची भूक होतीच. गिरणगावात ती होती, पण तिकिटाचे पैसे नव्हते. संपानंतर कोणी गावी परतलं, कोणी खोली विकून विरार-बदलापूरकडे सरकलं, कोणी हातगाडी लावली. पाळी बंद झाली आणि पाळीचा प्रेक्षकही गेला.

त्यापुढचा घाव सरकारी धोरणाचा होता, आणि मला तो अधिक अन्यायाचा वाटतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. लोकांच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे फार आटली. त्याच सुमारास राज्यानं नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं त्यात मोठी सवलत दिली. एका पडद्याचं टॉकीज मात्र कर भरत राहिलं. जीएसटी येण्याआधीच्या काळात मुंबईत हा कर ४५ टक्के होता. मराठी चित्रपटांना त्यातून सूट होती हे मान्य, पण फक्त मराठी चित्रपटांवर वर्षभर चालू शकतील अशी भारतमातासारखी टॉकीज किती होती? ज्या फिनिक्स गिरणीत कामगार राबले, तिच्या आवारात मॉल आणि मल्टिप्लेक्स झालं. म्हणजे गिरणीच्या जमिनीवरच्या नव्या पडद्याला माफी, आणि गिरणी कामगाराच्या जुन्या पडद्याला भुर्दंड. अशी विषम शर्यत लावून वर प्रेक्षकांची आवड बदलली म्हणायचं, हे मला पटत नाही.

या मांडणीवर सर्वात वजनदार आक्षेप अस्वच्छतेचा आहे. ढेकणांच्या खुर्च्या, तुंबलेल्या मुताऱ्या, दाराशी ब्लॅकवाले. एकट्या बाईनं रात्रीच्या खेळाला जाण्याची तर सोयच नव्हती. हे सगळं खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. मल्टिप्लेक्सनं मुलींना निर्धास्तपणे सिनेमा पाहता येईल अशी जागा दिली, हे श्रेय त्याचंच. पण दुरवस्था टॉकीजच्या रक्तात नव्हती. पुण्याचं प्रभात १९३४ पासून चाललं, दामले कुटुंबानं ते नीट राखलं. २०१४ अखेर जागा मूळ मालक किबे कुटुंबाकडे परत गेली आणि त्यांनी नव्या नावानं तिथं चित्रपटगृहच चालवलं. इच्छा आणि उत्पन्नाची हमी असेल तर मालक खुर्च्या बदलतो. जमीन विकून मिळणारा पैसा समोर दिसत असेल तर तो मुतारी तरी का दुरुस्त करील? दुसरा आक्षेप डिजिटलचा. उपग्रहावरून चित्रपट एकाच शुक्रवारी सगळीकडे पोचू लागला आणि वस्तीतल्या टॉकीजचा दुसऱ्या फेरीचा धंदा संपला, हे खरंच. पण त्याच तंत्रानं प्रिंटचा खर्चही वाचला. छोट्या टॉकीजला पहिल्याच दिवशी नवा चित्रपट मिळण्याची संधी त्यातून आली होती. तोवर बहुतेकांचं कंबरडं मोडलं होतं. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद पडलं, ते या लांबलेल्या आजारपणाच्या अखेरीला.

या सगळ्याची किंमत मराठी चित्रपटानं मोजली. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना संध्याकाळचे खेळ द्यावेत असं सरकारला सांगावं लागलं. त्यावर गदारोळ झाला आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल केली गेली. ज्या भाषेच्या चित्रपटाला लालबागेत कुणाची परवानगी लागत नव्हती, त्याच्यासाठी आता फर्मान काढावं लागतं. चित्रपटगृह पाडलं तर त्या जागी पुन्हा प्रेक्षागृह बांधण्याची अट मुंबईच्या नियमावलीत आहे आणि ती काढून टाकावी अशी मागणी अधूनमधून होत असते. ती मान्य होता कामा नये. हजार खुर्च्यांचा आग्रह आज कोणी धरणार नाही, पण दीडशे-दोनशे खुर्च्यांचा एक पडदा, शंभराच्या आत तिकीट, हे मागणं वाजवी आहे. शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी कमी ठेवून केंद्रानंही स्वस्त तिकिटाची गरज मान्य केली आहे. तुमच्या भागातल्या बंद टॉकीजच्या जागेचा आराखडा मंजुरीला जाईल, तेव्हा नगरसेवकाला गाठून दोनच गोष्टी विचारा: नव्या इमारतीत पडदा कितव्या मजल्यावर आहे, आणि तिकीट किती?