मोजू या लोकमत (भाग ६) : आधी काय, शेवटी काय?

गेल्या आठवड्यात आपण पाचपैकी गुण मागणाऱ्या प्रश्नावल्या पाहिल्या. त्यांची अडचण अशी की, माणसाला पाणी हवे असते, पार्किंग हवे असते आणि अभ्यासिकाही हवी असते. तो सगळ्यांनाच पाच गुण देऊन मोकळा होतो. निधी मात्र सगळ्यांना पुरत नाही. मग आधी काय करायचे, हे ठरवताना अशा उत्तरांचा काहीच उपयोग होत नाही.

यावरचा उपाय जॉर्डन लूव्हिएर या संशोधकाने १९८७ च्या सुमारास सुचवला. लोकांसमोर एका वेळी तीन-चारच गोष्टी ठेवायच्या आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची कोणती व सर्वांत कमी महत्त्वाची कोणती, एवढेच विचारायचे. अॅडम फिन यांच्यासह त्यांनी १९९२ साली अन्नसुरक्षेविषयीची लोकांची काळजी याच पद्धतीने मोजून दाखवली.

ठाणे पूर्वेच्या कोपरीत असा ऑनलाइन सर्व्हे घ्यायचा आहे, असे धरू. यादी सात कामांची : १) तुंबणारी गटारे, २) स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग, ३) पाणी येण्याची वेळ, ४) जुन्या इमारतींचा पुनर्विकास, ५) मीठबंदराकडचा खाडीकिनारा, ६) अभ्यासिका, ७) पार्किंग.

यादी करताना घाई नको. ‘चांगला कारभार’ असे मोघम कलम घातले, तर दर वेळी तेच पहिले येणार. ‘रस्ते आणि दिवे’ असे जोडकाम घातले, तर मत रस्त्याला पडले की दिव्याला, ते कळणार नाही. सगळी कामे साधारण एकाच तोलाची हवीत आणि वाचताक्षणी समजतील अशा शब्दांत हवीत.

आता गट पाडू. पहिल्या गटात १, २ आणि ४ क्रमांकाची कामे. पुढच्या गटासाठी प्रत्येक आकडा एकाने वाढवायचा : २, ३, ५. मग ३, ४, ६. सातच्या पुढे गेले की पुन्हा एकपासून. असे ४, ५, ७; ५, ६, १; ६, ७, २ आणि शेवटी ७, १, ३. हे सात गट कागदावर मांडून पाहा. प्रत्येक काम बरोबर तीन वेळा येते आणि कोणतीही दोन कामे नेमकी एकदाच समोरासमोर येतात. कोणावर अन्याय नाही, कोणाला झुकते माप नाही. अशा संतुलित रचना फ्रँक येट्स यांनी १९३६ साली शेतीच्या प्रयोगांसाठी मांडल्या आणि त्या पद्धतशीर कशा तयार करायच्या, हे राजचंद्र बोस यांनी १९३९ साली दाखवले. बोस तेव्हा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते.

गूगल फॉर्मवरही हे जमते. प्रत्येक गटासाठी चौकटींचा प्रश्न घ्या. ओळींत तीन कामे, रकान्यांत ‘सर्वांत आधी’ आणि ‘सर्वांत शेवटी’. एका रकान्यात एकच उत्तर, ही अट चालू ठेवा. प्रत्येक ओळीत उत्तर हवेच, ही अट मात्र बंद ठेवा, कारण मधले काम कोरेच राहणार आहे. ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा, नाहीतर वरच्या कामाला उगाच फायदा मिळतो. अर्धवट उत्तरे मोजणीच्या वेळी बाजूला काढा. लिंक पाठवण्याआधी चार-पाच जणांना शेजारी बसवून फॉर्म भरायला लावा. ते कुठे अडखळतात, ते बघा आणि तेवढे शब्द बदला.

मोजणी सोपी आहे. शंभर जणांनी पूर्ण उत्तरे दिली, तर प्रत्येक काम तीनशे वेळा दिसले. समजा, गटारे १६० वेळा ‘आधी’ आणि ४० वेळा ‘शेवटी’ आली. फरक १२०. त्याला तीनशेने भागले की गुण ०.४. हे गुण उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानच राहतात.

मात्र या गुणांचा अर्थ जपून लावायला हवा. ते तुलनेचे आहेत. अभ्यासिका तळाला गेली, म्हणजे ती नको असे कोणीही म्हटलेले नाही. एकखणी घरात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ती पहिलीच असेल. म्हणून सरासरीवर थांबू नका. चेंदणी कोळीवाडा, कोपरी कॉलनी, भाडेकरू, विद्यार्थी असे वेगवेगळे आकडे काढून बघा. आणि ज्यांच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यांच्या दारी जाऊन, त्यांना समजेल त्या भाषेत प्रश्न वाचून दाखवून उत्तरे भरून घ्या. ज्यांना विचारलेच नाही, त्यांची गरज कोणत्याही सूत्रातून निघत नाही. लोकांच्या नावाने निर्णय घ्यायचा, तर एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.

पुढील भागात : किती जणांना विचारले म्हणजे पुरे?